जुन्या ट्रॅक्टरची काचेची डिझेल वाटी : स्वच्छता व दुरुस्ती

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः शहादा, तळोदा व नंदुरबार तालुक्यांतील तापीकाठच्या काळ्या जमिनीत, खरीप पेरणीसाठी मिळणारा वाफसा फार थोडा असतो. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, ही शिफारस सर्व शेतकरी बंधूंना माहीत आहे. परंतु तेवढा पाऊस झाल्यावर जमीन पायाला चिकटायची थांबते आणि पुन्हा आभाळ भरून येते, यांमधले दिवस बोटांवर मोजण्याइतकेच असतात. नेमक्या याच दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला, तर बियाणे, खत आणि मजूर बांधावर बसून राहतात. मूग-उडदाची पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यापुढे गेली, की उत्पादनात किती घट येते, हे ज्याने एकदा भोगले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा अध्यापक आहे, यंत्राचा नव्हे. तरीही या विषयावर लिहिण्याचे कारण घरचेच आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुटीत मी आमच्या जुन्या ट्रॅक्टरची डिझेलची काचेची वाटी काढून धुतली. तिचा वायसर कडक होऊन तुटला होता. तालुक्याला जाण्याचा कंटाळा केला आणि टायरच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीने वायसर कापून बसवला. थेंबभरही गळती नव्हती. वडिलांनी शाबासकीही दिली. पुढे आठ-दहा दिवसांनी मृगाचा चांगला पाऊस झाला, वाफसा आला आणि पेरणीच्या पहिल्याच दिवशी दुपारी ट्रॅक्टर बंद पडला. हवा काढली की चालू व्हायचा, दोन तास ओढला की पुन्हा बंद. टाकी भरली की बरा चालायचा, निम्मी झाली की अडायचा. नोझल काढले, फिल्टर बदलले, तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पाऊस लागला तो आठवडाभर थांबला नाही. नंतर मिस्तरीने वाटी काढली, तेव्हा माझा वायसर फुगून पापडासारखा वाकलेला होता आणि त्याचा काळा भुगा जाळीवर बसलेला होता. मिस्तरी एवढेच म्हणाला, "भाऊ, ट्यूब चाकात घालायची, डिझेलात नाही."

त्या वर्षी आमचा मूग पेरलाच गेला नाही.

वाटीचे काम काय?

जुन्या ट्रॅक्टरवर आणि डिझेल इंजिन पंपावर टाकीतून निघालेले डिझेल कॉकमधून प्रथम या वाटीत येते. काही मेकमध्ये ती पहिल्या फिल्टरच्या तळाशी असते, तर मायको पद्धतीच्या फीड पंपावर ती पंपाच्या खाली तारेच्या कडीने व चिमटीने फिरवायच्या नटाने धरलेली असते. (मायको कंपनीचे नाव २००८ पासून बॉश झाले आहे, पण गॅरेजमध्ये अजूनही मायकोच म्हणतात.) अरुंद नळीतून आलेले डिझेल वाटीत पसरते, त्याचा वेग कमी होतो आणि जड वस्तू खाली बसतात. एक लिटर पाण्याचे वजन १००० ग्रॅम, तर एक लिटर डिझेलचे सुमारे ८३० ग्रॅम असते. त्यामुळे पाणी तळाला जाते. वर तारेची बारीक जाळी असते, ती तरंगणारा कचरा अडवते. तेथून डिझेल पहिल्या व दुसऱ्या फिल्टरमधून इंधन पंपात आणि शेवटी नोझलमध्ये जाते.

इंधन पंपातील दट्ट्या व त्याची नळी यांमधील फट अवघी २ ते ३ मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे त्या फटीच्या वीसपट. इतक्या घट्ट भागात पाणी गेले तर तो गंजतो आणि बारीक रेती गेली तर घासला जातो. एवढा सूक्ष्म कण वाटी अडवू शकत नाही, ते काम फिल्टरचे. पण पाण्याचा आणि जाड गाळाचा भार वाटीने घेतला नाही, तर फिल्टर लवकर तुंबतो आणि पाणी पुढे सरकते. वाटीचा वायसर काही रुपयांत मिळतो. पंप व नोझलचे काम हजारांत जाते.

वाटी काचेची का केली असावी, याचा विचार फारसा कोणी करत नाही. आत काय साचले आहे ते न उघडता दिसावे, म्हणून. अनेक ट्रॅक्टरवर मात्र ती तेल व धुळीने इतकी माखलेली असते, की काच आहे की लोखंड ते कळत नाही. एका ट्रॅक्टरवर तर रंग देताना वाटीवरही लाल रंगाचा हात फिरवलेला मी पाहिला आहे! वाटी चकचकीत करणे हा शौक नाही. ती स्वच्छ असेल तरच आतले पाणी वेळेवर दिसते.

जुना भाग जपण्याचे आणखी एक कारण आहे. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. असे जुने ट्रॅक्टर आजही शेतात चालतात, पण त्यांचे सुटे भाग शोधावे लागतात. काचेऐवजी पत्र्याची किंवा हलक्या प्लास्टिकची वाटी मिळते. पत्र्याच्या वाटीतून आतले दिसत नाही आणि हलके प्लास्टिक काही महिन्यांत पिवळे पडून तडकते.

वाटीतील गाळ ओळखावा

वाटी धुण्याआधी तिच्यात काय आहे ते नीट पाहावे. घाईने ओतून टाकू नये. त्यातले डिझेल पारदर्शक बाटलीत ओतून तासभर स्थिर ठेवावे.

तळाला स्वच्छ, वेगळे हलणारे थेंब दिसले तर ते पाणी होय. टाकीच्या झाकणाचा वायसर खराब असल्याने पावसाचे पाणी गेले असेल किंवा रात्री टाकी रिकामी राहिल्याने आतल्या हवेतील बाष्प पत्र्यावर थंड होऊन साचले असेल. तांबूस-तपकिरी भुकटी व खपल्या म्हणजे टाकीचा गंज. लोखंडाची खपली चुंबकाकडे ओढली जाते, माती ओढली जात नाही. करड्या रंगाचा, बोटाला खरखरीत लागणारा गाळ बहुधा धूळ-रेती असते आणि ती डिझेल भरताना गेलेली असते. काळा-तपकिरी, बुळबुळीत, शेवाळासारखा लगदा असेल तर पाणी व डिझेल जेथे एकमेकांना भिडतात त्या थरात जंतू व बुरशी वाढली आहे, असे समजावे. अशा वेळी केवळ वाटी धुऊन भागत नाही. टाकीतले पाणी काढल्याशिवाय ती बुरशी थांबत नाही. काचेवर पिवळा-तपकिरी, लाखेसारखा चिकट थर असेल तर जुने डिझेल हवेशी संयोग पावून त्याचा डिंक झाला आहे. वर्षभर उभ्या राहिलेल्या यंत्रात हा हमखास आढळतो.

इंजिन चालू असताना वाटीत सतत बुडबुडे दिसत असतील, तर कोठून तरी हवा शिरते आहे. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. टाकी भरलेली असताना डिझेल वरच्या दाबाने उतरते आणि सांधा सैल असेल तर बाहेर ठिबकते. टाकी निम्म्यावर आली, की दाब कमी होतो व फीड पंपाला डिझेल ओढावे लागते. तेव्हा त्याच सांध्यातून डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. म्हणून "गळत नाही, म्हणजे सांधा चांगला" हे समीकरण खरे नाही. आमच्या ट्रॅक्टरचे दुखणे नेमके हेच होते आणि तीन दिवस आम्ही नोझल तपासत बसलो होतो.

वाटी कशी काढावी?

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. प्रथम वाटीच्या भोवतालचा भाग डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने धुऊन पुसून घ्यावा, नाहीतर उघडताना बाहेरची माती आत पडते. टाकीचा कॉक बंद करावा व खाली स्वच्छ भांडे ठेवावे. जवळ बिडी, काडी, चूल नको. डिझेल लवकर पेटत नाही असा समज आहे. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा पेट घेण्याजोगी वाफ सुटण्याचा बिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४० च्या वर जातो. उन्हाळ्यात दुरुस्ती करताना हा हिशेब डोक्यात असावा.

नट सैल करताना वाटी दुसऱ्या हाताने धरावी. ती वायसरला चिकटून बसली असेल तर पेचकस घालून उचकटू नये, कारण काचेची कड उडते. गरम पाण्यात पिळलेले फडके वाटीभोवती काही मिनिटे गुंडाळावे आणि वाटी हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवावी. दिवा, मेणबत्ती किंवा उकळते पाणी वापरू नये. एकाच जागी अचानक उष्णता लागली, की जुनी काच तडकते.

काच साफ करणे

वाटी अर्धा तास स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून ठेवावी व मऊ ब्रशने घासावी. रॉकेल आता सहज मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. पेट्रोलने मात्र धुऊ नये. नंतर कोमट पाणी व साबणाने धुवावी. लाखेसारखा थर निघत नसेल, तर कोमट पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून वाटी रात्रभर बुडवून ठेवावी. सकाळी थर मऊ होऊन सुटतो. वाटी विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात पडून पांढरी झाली असेल, तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून तासभर ठेवावे.

राख, विटकर, रेती किंवा तारेचा काथ्या काचेला कधीही लावू नये. भांडी घासण्याची ही सवय येथे महाग पडते. काच तुटते ती बहुतेक वेळा पृष्ठभागावरच्या ओरखड्यापासून. नट आवळल्यावर वाटीवर ताण असतो, त्यात इंजिनाची थरथर, आणि ओरखडा हळूहळू वाढून तडा होतो.

धुतलेली वाटी सावलीत पालथी ठेवून पूर्ण वाळू द्यावी. फडक्याने आतून पुसू नये. सुती चिंधीचे व कॉटन वेस्टचे तंतू काचेला चिकटतात व पुढे जाळीवर जाऊन बसतात. मग कडेवरून नख फिरवावे. टवका उडाला असेल किंवा तडा दिसत असेल, तर ती वाटी बाद समजावी. डिंकाने जोडलेली वाटी ट्रॅक्टरवर चढवू नये. कड फक्त किंचित खडबडीत असेल, तर सपाट काचेच्या तुकड्यावर पाण्याचा बारीक पॉलिश पेपर ओला करून ठेवावा व त्यावर वाटी पालथी धरून गोल फिरवावी. पेपर ओलाच राहिला पाहिजे, काचेची कोरडी भुकटी श्वासात जाऊ देऊ नये. हे काम सवयीचे नसेल तर न केलेले बरे.

धातूचे भाग

वाटी जेथे बसते ते डोके बहुधा ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव काम असते. चुंबक लावून पाहावा, न चिकटल्यास ते लोखंड नाही. काचेला चालणारा सोडा येथे चालत नाही. कॉस्टिक सोड्याचे द्रावण तर ॲल्युमिनियम खाऊन टाकते व त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. टाकी व नळ्या साफ करायला संडास साफ करण्याचे ॲसिड वापरल्याची उदाहरणेही आहेत. त्याने गंज जातो हे खरे, पण मागे राहिलेला अंश पंधरा दिवसांत दुप्पट गंज आणतो. डोक्यासाठी डिझेल व ब्रश पुरेसा आहे. खाचेत अडकलेला जुना वायसर लाकडाच्या किंवा बांबूच्या काडीने काढावा. पेचकसाचा एक ओरखडा पडला, तरी तेथून कायम हवा शिरते.

पितळी जाळी डिझेलमध्ये भिजवून मऊ ब्रशने धुवावी व उलट्या बाजूने हवा मारावी. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा असावा. भोके मोकळी करण्यासाठी सुई खुपसू नये, जाळी फाटली तर बदलावी. तारेच्या कडीचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढून तेलाचा हात द्यावा. कॉक फिरवताना गळत असेल, तर त्याची निमुळती दांडी काढून ब्रासोसारखे पॉलिश लावावे व तिच्याच घरात दोन-तीन मिनिटे पुढे-मागे फिरवावी. नंतर सर्व पॉलिश डिझेलने धुऊन काढावे. नळीच्या टोकाचे तांब्याचे वायसर दाबून कडक झालेले असतात. ते चिमट्यात धरून लालसर होईपर्यंत तापवावेत व पाण्यात टाकावेत. तांबे पुन्हा मऊ होते आणि वायसर आणखी एकदा कामाला येतो. ॲल्युमिनियमचे वायसर मात्र नवेच घालावेत.

वाटीचा वायसर डिझेलला टिकणाऱ्या नायट्राइल रबराचा, त्याच मापाचा आणून बसवावा. ट्यूब, चप्पल, पाइपाचे रबर यांपैकी काहीही चालत नाही, हे वर आलेच आहे. वायसरला सोल्यूशन किंवा शेलॅक लावण्याची पद्धतही बरी नाही. त्याचे तुकडे सुटून जाळीत जातात.

टाकी

वाटीत गंज येत असेल तर मूळ टाकीत आहे. मे महिन्यात, पावसाआधी, टाकी उतरवून रिकामी करावी. आत दोन लिटर स्वच्छ डिझेल व बोटभर जाडीच्या साखळीचा हातभर तुकडा टाकून ती सर्व बाजूंनी हलवावी. निघालेला गाळ ओतून पुन्हा तसेच करावे, आणि डिझेल स्वच्छ निघेपर्यंत थांबू नये. शेवटी साखळी काढली की नाही, ते मोजून पाहावे.

टाकीला भोक पडले असेल तर तिला घरी किंवा रस्त्याकडेच्या दुकानात तशीच वेल्डिंग करून घेऊ नये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ व हवा यांचे मिश्रण भरलेले असते आणि ठिणगी पडताच स्फोट होतो. अशा स्फोटात माणसे दगावतात. टाकी वाफेने धुऊन वायूरहित करून देणाऱ्या कारागिराकडेच हे काम द्यावे किंवा टाकी बदलावी.

धडगाव, मोलगीकडील डोंगरभागात डिझेल कॅनमधून न्यावे लागते. कॅन घरी आल्यावर किमान एक दिवस न हलवता ठेवावा, वरचे डिझेल बारीक जाळीच्या नरसाळ्यातून ओतावे व तळाचे दोन बोटे डिझेल मागे ठेवावे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्यात डिझेल साठवू नये, कारण जस्ताशी संयोग होऊन त्यात चिकट गाळ तयार होतो. टाकी सकाळी नव्हे, तर संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. मग रात्री बाष्प साचायला जागा राहत नाही आणि गेलेले पाणी सकाळपर्यंत तळाला बसते.

जुन्या मोटरसायकलच्या पेट्रोल कॉकखालील वाटीलाही हीच पद्धत लागू पडते, मात्र तेथे धोका अधिक. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंत पोहोचते. म्हणून हे काम उघड्यावरच करावे. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. ते पाणी शोषून घेते आणि जुन्या काळच्या रबर-बुचाच्या वायसरना मानवत नाही. वाटी काढली की तेथील वायसर बदलून घ्यावा.

पुन्हा बसवणे व हवा काढणे

वायसर खाचेत सपाट बसवावा, वाटी सरळ धरून नट फक्त हाताने आवळावा. पक्कड लावू नये, कारण जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, काच फुटते. कॉक उघडून वाटी भरू द्यावी. नंतर पहिल्या फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करून हात पंप मारावा. फेस थांबून सलग डिझेल आले की स्क्रू बंद करावा, मग दुसऱ्या फिल्टरचा व शेवटी इंधन पंपाचा. क्रम उलटा करू नये. फिल्टर लवकर भरावा म्हणून दुसऱ्या फिल्टरमध्ये वरून डिझेल ओतू नये, ते गाळलेले नसते. कागदी फिल्टर धुऊन परत घालणे हाही तोट्याचाच व्यवहार आहे. नोझलची नळी सैल करून हवा काढताना हात किंवा बोट फवाऱ्यासमोर धरू नये. जुन्या ट्रॅक्टरचा नोझलही १७५ ते २५० किलो प्रति चौ. सें.मी. दाबाला उघडतो. त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण बोट गमावण्याची वेळ येते. असे झाल्यास दुखत नसले तरी त्याच दिवशी, उशीर न करता, मोठ्या दवाखान्यात जावे.

इंजिन दहा मिनिटे चालवून वाटीकडे पाहावे. बुडबुडे दिसत नसतील तर काम झाले. टाकी निम्मी झाल्यावर पुन्हा एकदा अवश्य पाहावे. खरी परीक्षा तेव्हाच होते.

हंगामात रोज सकाळी, इंजिन चालू करण्यापूर्वी वाटीवर फडके फिरवून तळ पाहावा. पाणी बोटभर साचण्याची वाट पाहू नये. निघालेले घाण डिझेल विहिरीजवळ किंवा पाटात ओतू नये, जुन्या डब्यात साठवून वापरलेल्या तेलाबरोबर द्यावे. एक जादा वायसर कागदात गुंडाळून, ऊन लागणार नाही अशा बेताने, ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावा. आमच्या पेटीत आता दोन असतात.